उशाशी बसणारा वैद्य

चरकसंहितेच्या विमानस्थानात गुरू आपल्या नव्या शिष्याला अग्नी, ब्राह्मण आणि वैद्य यांच्या समक्ष जे व्रत देतो, त्यात सत्य बोलण्याची आज्ञा अगदी आरंभी येते. आणि त्याच उपदेशात पुढे तोच गुरू असेही बजावतो की रोग्याचे आयुष्य सरत आले आहे हे तुला पक्के कळले असले, तरी जिथे ते उच्चारल्याने रोग्याला अथवा त्याच्या माणसांना आघात पोहोचण्याचा संभव असेल, तिथे ते तू उच्चारू नयेस. एकाच दीक्षेत सत्याची आणि मौनाची अशा दोन्ही आज्ञा शिष्याच्या पदरात पडतात, आणि त्या दोहोंमधून वाट कशी काढायची हे ग्रंथ त्याच्या विवेकावर सोपवून मोकळा होतो. तेव्हापासून आजवर वैद्यकाने शरीराविषयीचे आपले जवळजवळ सगळे सिद्धान्त बदलले, परंतु असाध्य रोगाने ग्रासलेल्या माणसासमोर उभ्या राहिलेल्या वैद्याची ही अडचण होती तशीच राहिली. आणि कर्करोगाने ती जितकी उघडी पाडली तितकी क्वचितच दुसऱ्या एखाद्या रोगाने पाडली असेल.

त्याच संहितेच्या सूत्रस्थानात वैद्याची वृत्ती चार प्रकारची असावी असे सांगितले आहे: सर्वांविषयी मैत्री, पीडितांविषयी करुणा, ज्यांचा रोग आटोक्यात येण्याजोगा आहे त्यांच्याविषयी प्रीती, आणि ज्यांनी मृत्यूची वाट धरली आहे त्यांच्याविषयी उपेक्षा. ही उपेक्षा म्हणजे तिरस्कार नव्हे, आपला इलाज जिथे चालत नाही तिथे हात न घालण्याचा तो संयम आहे, हे मान्य केले तरी लगेच पुढच्या अध्यायात असाध्य रोग हाती घेणाऱ्या वैद्याच्या धनाची, विद्येची आणि यशाची हानी होते असा जो इशारा येतो, त्यावरून व्यवहारात काय घडत असेल याची कल्पना करता येते. सुश्रुताने निदानस्थानात अर्बुदाचे लक्षण सांगताना वाटोळी, स्थिर, मंद दुखणारी, खोल मुळाची, सावकाश वाढणारी आणि न पिकणारी गाठ असे वर्णन केले आहे, आणि तिच्या काही प्रकारांना स्पष्ट शब्दांत असाध्य ठरवले आहे. म्हणजे ज्याच्या अंगावर अशी गाठ उठली, त्याच्या दारातून वैद्याने निघून जावे यात शास्त्राच्या दृष्टीने काही उणेपणा नव्हता. लौकिकावर पोट भरणाऱ्या माणसाला इतकी मुभा देणे त्या काळी रास्तही वाटले असेल. दारात उभ्या राहिलेल्या रोग्याच्या मुलाला काय वाटले असेल, ते मात्र कोणी लिहून ठेवलेले नाही.

वैद्याने रोग्याला काय द्यावे याविषयीचे वाङ्मय विपुल आहे. रोग्याला वैद्याकडून काय हवे असते याचे दप्तर कोणी जपले नाही. ते पत्रांतून, दैनंदिन्यांतून आणि भलत्याच हेतूने लिहिलेल्या आठवणींतून वेचून काढावे लागते. ते वेचीत असता माझे असे मत होत गेले आहे की वैद्याचे ज्ञान आणि हस्तकौशल्य यांची पारख करण्याचे साधन कर्करोग्याजवळ नसल्यामुळे तो ती दोन्ही गृहीत धरतो, आणि ज्यांची पारख त्याला अंथरुणावर पडल्या पडल्या करता येते अशा दोनच गोष्टींवरून आपल्या वैद्याला जोखतो: हा माझ्याशी खोटे बोलतो आहे काय, आणि याचा इलाज संपल्यावर हा येईल काय.

या दृष्टीने पाहता आपल्या देशातला अत्यंत तपशीलवार असा एक दस्तऐवज वैद्यकाच्या नव्हे, तर भक्तीच्या वाङ्मयात सापडतो. इ. स. १८८५ मध्ये दक्षिणेश्वरच्या रामकृष्ण परमहंसांच्या घशाचे दुखणे बळावले, तेव्हा शिष्यांनी त्यांना उपचारांच्या सोयीसाठी कलकत्त्यात श्यामपुकुर येथल्या एका भाड्याच्या घरात आणून ठेवले आणि डॉक्टर महेंद्रलाल सरकार यांना पाचारण केले. सरकार हे कलकत्ता मेडिकल कॉलेजचे दुसरे एम. डी.; होमिओपॅथीचा कडवा विरोधक म्हणून नाव मिळवल्यावर अभ्यासाअंती तीच पद्धती त्यांनी १८६७ साली जाहीरपणे पत्करली, आणि त्यापायी व्यवसायबंधूंचा बहिष्कार सोसला. पुढे ज्या संस्थेच्या प्रयोगशाळेत चंद्रशेखर वेंकट रामन यांनी संशोधन केले, ती विज्ञानसंस्था १८७६ साली याच गृहस्थांनी उभारली. स्वभावाने तिखट, बुद्धीने विज्ञाननिष्ठ, अवतारकल्पनेवर यत्किंचित विश्वास नसलेला आणि परमहंसांच्या पायांना लोक हात लावतात हे पाहून उघडपणे चिडणारा असा हा वैद्य होता.

अशा माणसाचे आणि अशा रोग्याचे जमावे कसे? परमहंसांचे शिष्य महेंद्रनाथ गुप्त यांनी आपल्या टिपणांत या दोघांच्या भेटी दिवसांमागून दिवस नोंदवून ठेवल्या आहेत, आणि त्या वाचताना प्रथम लक्षात येते ती सरकारांच्या वेळेची उधळण. शहरातला इतका मागणी असलेला वैद्य, घटकाभर नाडी पाहून उठण्याऐवजी, तासन् तास त्या खोलीत बसून राही. खर्चाचा भार शिष्य आपापसात उचलतात असे कळल्यावर त्याने मोबदला घेणे सोडले. रोग्याने बोलू नये, घशाला श्रम देऊ नयेत, अशी सक्त ताकीद तो इतरांच्या देखत देई, आणि माझ्याशी तेवढे बोलायला हरकत नाही, असे म्हणून पुन्हा तिथेच ठाण मांडी. एके सकाळी त्याने सांगितले की पहाटे तीन वाजता मला जाग आली, पाऊस पडत होता, आणि तुमच्या खोलीची दारे-खिडक्या कोणी लावली असतील की नाही या विचाराने पुढे झोप लागली नाही. ज्याच्या घशातला व्रण आपल्या औषधाला जुमानणार नाही हे त्याला कळून चुकले होते, त्याच्या खिडकीची काळजी हा वैद्य पहाटे अंथरुणात करीत होता. आणि रोग्याला या बोलण्याचा जो संतोष झाला तो टिपणकाराच्या नजरेतून सुटलेला नाही.

या दोघांमध्ये धर्माविषयी कधी एकमत झाले नाही, आणि ते व्हावे म्हणून वैद्याने आपले मत लपवलेही नाही. माझ्या समजुतीने याच मतभेदात रोग्याच्या विश्वासाचे मूळ आहे, कारण जो माणूस तुमच्या देवत्वाविषयी तुमच्या तोंडावर शंका घेतो, तो तुमच्या घशाविषयी तरी तुम्हाला गोड खोटे सांगणार नाही, एवढी खात्री त्यातून आपोआप मिळते. पुढे डिसेंबरात रोग्याला काशीपूरच्या बागेतल्या घरात हलवण्यात आले, १६ ऑगस्ट १८८६ च्या पहाटे त्यांचे देहावसान झाले, आणि त्या दिवशी तिथे पोहोचलेल्या सरकारांनी छायाचित्र काढून घेण्याची सूचना करून त्यासाठी आपल्या खिशातून दहा रुपये दिले. चरकाने मृत्यूच्या वाटेला लागलेल्याविषयी जी उपेक्षा वैद्याला विहित केली होती, तिचा मागमूसही या वैद्याच्या वागण्यात दिसत नाही.

युरोपातही पुढच्या काही दशकांत शस्त्रक्रिया आणि क्ष-किरण यांमुळे या रोगावर इलाज करण्याची उमेद वाढत होती, परंतु रोग्याला त्याचे नाव सांगण्याची वेळ आली की तिथले मोठमोठे डॉक्टरही आपल्याकडच्या घरातल्या वडीलधाऱ्यांसारखेच वागत. सिग्मुंड फ्रॉइड यांच्या इतका चिकित्सक आणि स्वतः डॉक्टर असलेला रोगी मिळणे कठीण. तरी १९२३ साली व्हिएन्ना येथे त्यांच्या तोंडातली गाठ प्रथम कापून काढली गेली, तेव्हा त्यांचे वैद्य आणि स्नेही फेलिक्स डॉइच यांनी ती कर्करोगाची आहे ही गोष्ट त्यांच्यापासून दडवून ठेवली. फ्रॉइडना ते पुढे कळले तेव्हा आपल्याला फसवण्याचा अधिकार या लोकांना कोणी दिला, या विचाराने ते संतापले, आणि डॉइच यांचा वैद्य म्हणून त्यांच्या घरातला संबंध संपला. हेतू प्रेमाचा होता याविषयी कोणालाच संशय नव्हता. रोग्याला त्या प्रेमातला अवमान तेवढा सहन झाला नाही.

काही वर्षांनी माक्स शूर नावाचा तरुण डॉक्टर त्यांच्याकडे येऊ लागला, तेव्हा या वृद्ध रोग्याने प्रथमच दोन गोष्टी ठरवून घेतल्या. तू मला नेहमी खरे सांगशील, ही एक. आणि वेळ येईल तेव्हा विनाकारण मला यातना भोगू देणार नाहीस, ही दुसरी. त्यानंतर जबड्यावरच्या शस्त्रक्रियांची लांबलचक मालिका, तोंडात बसवलेला आणि सतत टोचणारा कृत्रिम टाळू, १९३८ साली नाझींच्या सत्तेमुळे करावे लागलेले लंडनचे स्थलांतर, या सगळ्यातून तो करार टिकला. सप्टेंबर १९३९ मध्ये फ्रॉइडनी शूरला त्या पहिल्या बोलण्याची आठवण करून दिली, शूरने मॉर्फिन दिले, आणि २३ तारखेला त्यांचा अंत झाला. या अखेरच्या कृतीविषयी नीतीच्या दृष्टीने वाद घालता येईल आणि तो घातला गेलाही आहे. मला या ठिकाणी महत्त्वाचे वाटते ते एवढेच की मनोव्यापारांच्या शोधात आयुष्य घालवलेल्या माणसाने आपल्या डॉक्टरकडून आरंभी जे मागितले, त्यात रोग बरा करण्याची अट नव्हती.

व्यवसाय म्हणून वैद्यकाने हे मान्य करायला मात्र फार वेळ घेतला. अमेरिकेत १९६१ साली डोनाल्ड ओकेन यांनी शिकागोच्या एका इस्पितळातल्या २१९ डॉक्टरांची मते प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांपैकी सुमारे ९० टक्के डॉक्टर कर्करोग्याला त्याचे निदान सहसा सांगत नसत असे दिसून आले. याउलट त्याच देशात त्याच्या दशकभर आधी खुद्द रोग्यांना विचारले गेले होते, आणि बहुसंख्यांनी आम्हाला सांगावे असेच उत्तर दिले होते. पुढे १९७९ साली तशीच चौकशी पुन्हा झाली, तेव्हा ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले. अठरा वर्षांत इतका पालट होण्याचे कारण डॉक्टरांच्या अंतःकरणात उमललेला काही नवा सद्गुण हे नसून, मधल्या काळात औषधोपचारांना येऊ लागलेले यश, प्रयोगांत भाग घेणाऱ्या रोग्याची लेखी संमती घेण्याचे बंधन आणि आपल्या शरीराविषयीचे हक्क मागणारा बदललेला समाज हे होय. तथापि सांगणे सर्वमान्य झाले म्हणून ते चांगले होऊ लागले असे नाही. हातात अहवाल देऊन पाच मिनिटांत रोग्याला बाहेर काढणाऱ्यानेही सत्य सांगितलेलेच असते.

आपल्या मुंबईचा इतिहास या बाबतीत थोडा वेगळ्या वळणाने गेला, आणि त्याच्या मुळाशी एका पतीचा शोक आहे. मेहेरबाई टाटा यांचे १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वेल्समधील एका शुश्रूषागृहात निधन झाले. धन, विद्या, विलायतेतले नामांकित डॉक्टर यांपैकी कशाचीही वाण नसताना त्यांचे पती सर दोराबजी यांना त्या रोगापुढे हात टेकावे लागले, आणि एक वर्ष होते न होते तोच, पत्नीच्या समाधीच्या दर्शनाला निघाले असता, वाटेत जर्मनीत त्यांचाही देह पडला. आपली सर्व संपत्ती त्यांनी ट्रस्टाच्या स्वाधीन केली होती. मेहेरबाईंचा सुप्रसिद्ध ज्युबिली हिराही विकला जाऊन त्याची किंमत त्याच निधीत जमा झाली. त्या ट्रस्टाने परळला उभारलेल्या टाटा मेमोरियल इस्पितळाचे उद्घाटन २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांच्या हस्ते झाले, तेव्हा तिथे ८० खाटा होत्या. पुढे १९५७ साली ते केंद्राच्या आरोग्य खात्याकडे आणि १९६२ साली अणुऊर्जा खात्याकडे गेले. या दुसऱ्या हस्तांतराच्या काळी त्या खात्याचे धुरीण असलेले होमी भाभा हे मेहेरबाईंचे भाचे होते.

एकाच रोगासाठी वाहिलेले इस्पितळ उभे राहिल्याने गुप्ततेच्या जुन्या रिवाजाला जो धक्का बसला, त्याची कोणी आधी कल्पना केली असेल असे मला वाटत नाही. जे. जे. किंवा के. ई. एम. सारख्या सार्वजनिक रुग्णालयाच्या वॉर्डात कर्करोग्याला हर्नियाच्या आणि हाड मोडलेल्या माणसांमध्ये झोपवता येई, आणि ‘साधी गाठ आहे, काढली की घरी’ असे सांगून वेळ मारून नेता येई. परळच्या दारात शिरलेल्या रोग्याला मात्र कोणी काही सांगण्याची गरजच उरली नाही. बाकावर त्याच्या डाव्या बाजूला गालाला पट्टी बांधलेला माणूस, उजव्या बाजूला किरणोपचाराच्या खुणा शाईने गळ्यावर आखलेली बाई; तुकडा तपासायला गेला आहे, हे वाक्य तो सकाळपासून दहा जणांच्या तोंडून ऐकतो, आणि दुपारपर्यंत, अक्षरओळख नसली तरी, आपण कुठे आलो आहो हे त्याला समजते. बरोबर आलेला मुलगा मात्र अजून दाराआडून डॉक्टरना हात जोडून सांगत असतो, ‘साहेब, आमच्या दादांना यातलं काही कळू देऊ नका.’ शेजारी वेगळी ताटवाटी काढून ठेवतील, मुलींच्या सोयरिकी अडतील, अशा धास्तीत घराने रोगाचे नाव झाकलेले असते, आणि ज्याच्यासाठी झाकले तो माणूस घरच्यांचे मन राखण्यासाठी आपल्याला काही ठाऊक नसल्याचा बहाणा करीत असतो. डॉक्टर या दोघांच्या मध्ये उभा. महाराष्ट्रातल्या कर्करोगाच्या डॉक्टरला रोगाच्या खालोखाल जर कशाशी झगडावे लागले असेल, तर ते या परस्परांच्या मायेतून निर्माण झालेल्या पडद्याशी.

त्या इस्पितळाच्या पहिल्या पिढीतल्या लोकांनी या झगड्याला दोन भिन्न मार्गांनी तोंड दिले असे मला दिसते. प्रयोगशाळांचे पहिले प्रमुख डॉक्टर वसंत रामजी खानोलकर हे विकृतिशास्त्रज्ञ. रोग्याशी त्यांचा संबंध बहुधा काचपट्टीवरल्या पेशींच्या द्वाराच येणार. पण त्यांनी आणि डॉक्टर सूर्याबाई यांनी १९४५ साली जे संशोधन प्रसिद्ध केले, त्याचा आधार रोग्यांच्या राहणीची अत्यंत बारीक चौकशी हा होता. धोतर कमरेशी कुठे आणि किती घट्ट आवळता, चुट्टा ओढताना पेटते टोक तोंडात आत ठेवता की बाहेर, तंबाखू आणि चुना ओठाच्या कोणत्या बाजूला दाबून धरता, असे प्रश्न विचारून त्यांनी कमरेच्या कातडीचा, टाळूचा आणि खालच्या ओठाचा असे तीन नवे कर्करोग लोकांच्या सवयींशी जोडून दाखवले. विज्ञानाच्या दृष्टीने हे मोलाचे आहेच. परंतु आंध्राच्या किनाऱ्यावरून आलेल्या एखाद्या श्रमजीवी बाईला, इतका मोठा डॉक्टर मी चुट्टा कसा ओढते ते लक्ष देऊन ऐकतो आहे आणि मला हसत नाही, याचा काय अनुभव आला असेल, तोही मला त्या संशोधनाचाच भाग वाटतो. रोग्याची कहाणी पूर्ण ऐकून घेणे हे निदानाचे साधन आहे तसेच ते आदराचेही चिन्ह आहे.

दुसरा मार्ग शस्त्रवैद्यांचा. गोमंतकीय डॉक्टर अर्नेस्ट बोर्जेस यांची आठवण परळमध्ये शल्यकर्मातल्या प्रावीण्यासाठी जितकी काढली जाते, तितकीच गरिबांच्या वॉर्डातल्या त्यांच्या वागणुकीसाठी काढली जाते. १९६९ साली ते वारले, आणि इस्पितळासमोरचा रस्ता आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्यांचे सहकारी डॉक्टर दाराब जस्सावाला यांनी नवल टाटा यांच्या साहाय्याने १९५१ साली इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन केली, आणि १९६३ पासून मुंबईतल्या प्रत्येक कर्करोग्याची नोंद ठेवणारे, देशातले त्या प्रकारचे पहिले दप्तर सुरू केले. बिहार, बंगाल, आसाम येथून रेल्वेने येऊन पदपथावर चूल मांडणाऱ्या कुटुंबांची निवाऱ्याची तजवीज गाडगे महाराज मिशनच्या दादरच्या धर्मशाळेसारख्या जागांनी केली. या धर्मशाळांतून जुना रोगी नव्या रोग्याला, केमोनंतर केस गळतील पण परत येतील, तोंड आले की दही-भात खा, अमुक खिडकीवर आधी जा, असे जे सांगतो, ते डॉक्टरच्या तोंडून ऐकण्याची त्याची इच्छा असते. डॉक्टरला सवड नसते म्हणून तो ते जिन्यात बसून ऐकतो. बऱ्या झालेल्या रोग्यांनीच रोग्यांना धीर द्यावा या कल्पनेवर पुढे मुंबईत संस्थाही निघाल्या.

आता त्या दुसऱ्या कसोटीकडे वळतो: इलाज संपल्यावर वैद्य येतो काय. लंडनमध्ये सिसिली साँडर्स ही परिचारिका आणि पुढे इस्पितळातली समाजसेविका १९४८ साली डेव्हिड टास्मा नावाच्या एका निर्वासित पोलिश ज्यू रोग्याजवळ बसत असे. चाळिशीचा, जवळचे कोणी नसलेला आणि कर्करोगाने मरणाच्या दारी आलेला हा माणूस जाताना तिला ५०० पौंड देऊन गेला, तुझ्या भावी घरातली एक खिडकी माझी असू दे, असे म्हणून. मरणासन्नांसाठी काही करायचे तर वैद्यक शीक, कारण त्यांना सोडून जातात ते डॉक्टरच, असे एका शल्यविशारदाने तिला सांगितले, तेव्हा तिशी उलटल्यावर तिने वैद्यक शिकायला घेतले, आणि १९६७ साली सेंट ख्रिस्टोफर्स हे शुश्रूषागृह उघडले. तिने रोग्यांची बोलणी ध्वनिमुद्रित केली, आणि त्यावरून दाखवून दिले की वेदना उसळल्यावर मॉर्फिन मागायला लावणे हा रोग्याचा छळ आहे. ते घड्याळाच्या काट्यावर, दुखणे परतण्यापूर्वीच द्यायला हवे. परळच्या इस्पितळातले शल्यविशारद डॉक्टर लुईस डिसोझा यांनी वांद्र्याला, माउंट मेरीच्या टेकडीवर, शांती आवेदना सदन १९८६ साली सुरू केले. भारतातले असे ते पहिले घर. गोव्यातही पुढे त्याची शाखा निघाली, आणि पुण्यात वारजे येथे सिप्ला कंपनीच्या आश्रयाने १९९७ पासून असेच केंद्र चालते.

आणि इथेच एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. १८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून त्यांच्या नावाचे इस्पितळ उभे राहिले, तेव्हा त्या देणगीमागच्या संपत्तीत चीनला धाडलेल्या माळव्याच्या अफूचा वाटा होता. त्याच माळव्यात, नीमच आणि मंदसौरच्या शेतांत, आजही सरकारी परवान्याने अफू पिकते, आणि तिच्यापासून निघणारी औषधे जगभर जातात. असे असता १९८५ साली अमली पदार्थांच्या प्रतिबंधाचा कायदा झाला, आणि गुन्हेगारांना धाक बसवण्यासाठी केलेल्या त्या कायद्याच्या परवान्यांच्या जंजाळात मॉर्फिनची गोळी अशी अडकली की इस्पितळांनी ती ठेवणेच सोडून दिले. त्याच्या दुसऱ्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेवर मॉर्फिन हाच आधार असल्याचे मार्गदर्शन प्रसिद्ध केले. डॉक्टरांच्या एका अख्ख्या पिढीने मॉर्फिनची चिठ्ठी कधी लिहिलीच नाही, आणि जे लिहू इच्छीत होते त्यांना तहसिलीत जमिनीचा फेरफार करायला गेलेल्या कुळासारखे कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागले. केरळातल्या डॉक्टर एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्यांच्या दीर्घ खटपटीनंतर २०१४ साली कायदा दुरुस्त झाला, आणि मॉर्फिनसह काही औषधांना देशभर एकच सुटसुटीत नियम लागू करण्याची तरतूद झाली. त्या मधल्या एकोणतीस वर्षांत घराघरांतून जे कण्हणे ऐकू आले, त्याची जबाबदारी कोणाच्याही दप्तरी नोंदलेली नाही, याचे मला दुःख वाटते. वेदना शमवण्याचे औषध आपल्याच शेतात पिकत असताना ते न मिळणे हेही रोग्याला सोडून जाणेच होय. फरक एवढाच की या खेपेस दारातून निघून जाणारा एकटा वैद्य नव्हता.

कायदा सुधारला, औषधे वाढली, आणि तरीही परळच्या बाह्यरुग्ण विभागाबाहेर तो मुलगा हात जोडून आजही उभा असतो. त्याला झिडकारणारा डॉक्टर मला योग्य वाटत नाही, आणि त्याच्या म्हणण्यास मान डोलावून आत रोग्याशी हवापाण्याच्या गप्पा मारणाराही वाटत नाही. अलीकडे चांगले डॉक्टर एक वेगळीच रीत पाळतात. ते मुलाला आत घेतात, खुर्ची ओढून रोग्याच्या समोर बसतात आणि स्वतः काही सांगण्यापूर्वी त्यालाच विचारतात, ‘मावशी, तुम्हाला आत्तापर्यंत कुणी काय सांगितलंय? आणि तुम्हाला सगळं ऐकायचंय, की लेकाशी बोलू?’ पुष्कळ जणी ‘त्यालाच सांगा, मला काही कळत नाही’ असे म्हणतात, आणि तेही उत्तर मानण्याजोगे आहे, कारण न ऐकण्याचा अधिकारही ऐकण्याच्या अधिकाराइतकाच रोग्याचा असतो. परंतु काही जणी असे म्हणतात की मला सगळे सांगा, पण याच्यादेखत नको, तो हाय खाईल. मग डॉक्टरला तेच बोलणे दोनदा, दोन निरनिराळ्या माणसांशी, निरनिराळ्या शब्दांत करावे लागते, प्रत्येक वेळी थांबून, प्रश्न येऊ देऊन. आणि दाराबाहेर ज्याच्या फायलींचा ढीग लागला आहे त्या माणसाला ही दोन बोलणी कोणत्या वेळात करता यावीत, याची तरतूद आपल्या बहुतेक इस्पितळांच्या वेळापत्रकात अजून झालेली नाही.